नेवीच्या नाकपुड्या

आधी इमारत सांगते, मग माणसं. इमारतीनं काही चूक केली नव्हती, म्हणून तिचा मान पहिला.

बेळगावच्या उत्तरेला, कंग्राळीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक लांबलचक शेड आहे. सगळे तिला 'नेवी' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांच्या नौदलानं बांधलेलं कोठार. नवीन माणूस हमखास विचारतो, समुद्र घाटाखाली आणि नेव्ही इथं कशाला आलती? बंदरावर बॉम्ब पडले तर सामान जळून जाऊ नये म्हणून ते घाटावर आणून ठेवायचे, एवढं साधं उत्तर आहे. दोरखंडांची वेटोळी, शिडाचं जाड कापड, निशाणं, बुडणाऱ्याला तरंगत ठेवणारे कॉर्कचे पट्टे. या सगळ्या मालाचा शत्रू एकच, ओल. आणि बेळगावच्या पावसाळ्यात ओल कुठं नसते? इथं कपाटात ठेवलेल्या चपलांनाही बुरशी येते. तेव्हा ज्या कुणी ही इमारत आखली, त्यानं एकच गोष्ट डोक्यात ठेवली असणार: आत ठेवलेलं कोरडं राहिलं पाहिजे.

छप्पर गोल, पत्र्याचं, आडव्या कापलेल्या पिंपासारखं. त्याच्याखाली ते पेलणाऱ्या लाकडी कैच्या. बारीक पट्ट्या एकमेकींवर तिरक्या ठोकून टोपली विणावी तशा विणलेल्या, त्यामुळं एवढ्या रुंद जागेत मधे एकही खांब नाही. कैच्यांना लोखंडी आकडे. अगदी वर, छपराच्या कण्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरक्या पानांच्या झिलमिल्या. आणि भिंतींच्या पायथ्याशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, ओळीनं भोकं, जेवायच्या पाटाएवढी. भोक आत उंचावर आणि बाहेर खाली, मधे भिंतीच्या पोटात वळण. वारा वळून आत येतो, पावसाची झड वळणावरच अडते. आतल्या तोंडाला बारीक पितळी जाळी. खालून गार वारा आत येणार, पत्रा तापला की गरम हवा वर चढून झिलमिल्यांतून बाहेर जाणार. वीज नको, पंखा नको, माणूस नको. पावसाळ्यात बाहेर सगळं चिंब असताना आत उभं राहिलं की पावलांवरून वाऱ्याची झुळूक गेलेली कळायची.

आमच्या बायका त्या भोकांना नाकपुड्या म्हणतात. एवढी अक्कल ज्यांना होती त्यांना कुणी विचारलं नाही, तिथूनच सगळं बिघडलं.

युद्ध संपल्यावर कोठार लिलावात गेलं आणि निपाणीच्या तंबाखूवाल्यांनी घेतलं. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, तिथं गोदामाचे कारकून होते. तंबाखूचंही दोरासारखंच. ओल लागली की माल गेला. दरवर्षी नवा माल यायच्या आधी आप्पा त्या पितळी जाळ्या घासून घ्यायचे. शाळेला सुट्टी असली की मी आणि माझा मोठा भाऊ, अण्णा, चिंच घेऊन मदतीला. आम्ही एकेक नाकपुडी वाटून घ्यायचो आणि कुणाची जास्त चकाकते यावरून भांडायचो. तंबाखूच्या खकाण्यानं शिंकत घरी यायचो. हे मुद्दाम सांगते आहे. ती भोकं कशासाठी आहेत हे अण्णाला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये.

तंबाखूचा धंदा आटला, मालकांनी इमारतीचं विश्वस्त मंडळ केलं, आणि बरीच वर्षं नेवी रिकामी पडून होती. मी तेव्हा एका शाळेच्या ऑफिसात होते. मला कामांच्या याद्या करायची सवय आहे, घरातले लोक त्यावरून चिडवतात, चिडवू देत. ती नोकरी सोडल्यावर मी कंग्राळीच्या आणि शहापूरच्या काही बायका गोळा करून बचत गट केला आणि मंडळाकडून नेवी वाळवणाच्या कामाला भाड्यानं घेतली. शेवया, पापड, कुरडया, सांडगी मिरच्या. नौदलाच्या आकड्यांना बांबू अडकवले, बांबूंवर शेवया. जमिनीवर खाटा, खाटांवर शहापूरच्या जुन्या धुतलेल्या साड्या, त्यांवर पापड. सगळ्या जगाची वाळवणं उन्हाळ्यात, आमची भर आषाढातसुद्धा. ऊन नसलं तरी वारा होता.

निपाणी-चिकोडी पट्ट्यातली जैन घरं आमची मोठी गिऱ्हाइकं झाली. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्यांच्यातल्या बऱ्याच घरांत खाण्याचे नियम कडक होतात. साठवलेलं जुनं चालत नाही, ओलसर चालत नाही, किड्यामुंगीची शंकासुद्धा चालत नाही. पावसात ताजं करून कोरडं वाळवून देणारी जागा जवळपास दुसरी नव्हती. आम्ही पाणी गाळून घ्यायचो, जाळ्यांमुळं माशी आत यायची नाही, दिवस मावळायच्या आत काम बंद. चांगलं चाललं होतं. कंग्राळीची मावशी, आमच्यात सगळ्यांत मोठी, लग्नकार्यात कुणी विचारलं की पदर सावरून सांगायची, "आमी नेवीत असतो."

"काय करता तितं?"

"शेवया सोडतो समुद्रात."

नवरा गेल्यावर मावशीनं या शेवयांवर दोन नातवंडांचं शिक्षण चालवलं होतं. बाकीच्यांच्या घरीही कमीजास्त तेच. म्हणून पुढचं मी थंड डोक्यानं सांगू शकत नाही.

दोनेक वर्षांमागं कुणीतरी पाहुणे आले, कैच्यांकडं बघून म्हणाले, अहो ही तर हेरिटेज वास्तू आहे. झालं. जोवर ती नुसती शेड होती तोवर तिला काही धोका नव्हता. हेरिटेज म्हटल्यावर मंडळाला जाग आली. जीर्णोद्धार करायचा, 'हेरिटेज हॉल' करायचा, एका बाजूला लग्नं-मुंजी, एका बाजूला बायकांचं काम. ऐकायला छान. यंदा मार्च-एप्रिलमध्ये आम्हाला बाहेर काढलं, म्हणाले पावसाआधी परत या. मी चार ओळी लिहून दिल्या होत्या: झिलमिल्यांची तुटलेली पानं बदला, पन्हाळी दुरुस्त करा, कैच्यांना वाळवीचं औषध लावा, जाळ्या काढू नका. कागद अण्णाच्याच हातात दिला, कारण तो मंडळाचा चिटणीस. त्यानं घडी घालून खिशात ठेवला.

आपल्याकडे देणगी दिली की नाव लागतं. देवळाच्या पायरीवर लागतं, शाळेच्या बाकावर लागतं, भिंतीवरच्या घड्याळावर लागतं. पंख्याच्या पात्यांवर मी नाव बघितलं आहे, पंखा फिरायला लागला की ते वाचायला येत नाही, तरी असतं. त्याला माझा विरोध नाही. पैसे देतो त्याला आपल्या आईबापाचं नाव बघावंसं वाटणार. प्रश्न जागेचा होता. देणगीदार खूप आणि भिंतीवर पाट्या ठोकायच्या तर विटा ठिसूळ, गिलावा निघून येत होता. तेव्हा कुणाला तरी दिसलं की खाली ओळीनं तयार चौकटी आहेतच. सगळ्या एका मापाच्या. काळ्या ग्रॅनाइटची पाटी बरोबर बसते. ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्याचं मंडळाच्या बैठकीत अभिनंदन झालं, असं मला नंतर कळलं.

उद्घाटनाला आम्हाला बोलावलं होतं. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि थांबले. भिंतीच्या पायथ्याशी या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा चकचकीत ग्रॅनाइट, त्यावर सोनेरी अक्षरं. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. कै. तमुक यांच्या स्मरणार्थ. दोन्ही बाजूंना. आम्ही काम करायचो त्या पश्चिमेच्या बाजूला, दारापासून तिसरी पाटी आप्पांची. बाहेरून भोकांवर सिमेंटचा गिलावा आणि वर गुलाबी रंग.

अण्णा धोतरावर नवा कोट घालून आला होता. मी त्याला बाजूला घेतलं. "नाकपुड्या कुणी बुजवल्या?"

"उंदीर येत होते."

"जाळ्या होत्या अण्णा. पितळेच्या."

"भंगारात गेल्या. आता कार्यक्रम आहे, तू तोंड वाकडं करू नकोस. आप्पांचं नाव बघितलंस का? पहिल्या पाचात घेतलंय."

पहिल्या पाचात! मला वाटलं होतं तो लाजेल, तो वाट बघत होता कौतुकाची. एवढ्यात कुणीतरी माझ्या हातात नारळ दिला, खांद्यावर शाल घातली, फोटो काढला. त्या फोटोत माझा चेहरा कसा आलाय ते मी बघितलेलं नाही आणि बघणारही नाही.

मिरगाचा पाऊस सुरू झाला आणि नेवीला घाम फुटला. मी खोटं सांगत नाही, भिंतींना अक्षरशः पाणी सुटलं. वर झिलमिल्यांच्या खाली त्यांनी लग्नाच्या हॉलला शोभेल असं पांढरं फॉल सीलिंग मारलं होतं, म्हणजे खालून हवा बंद आणि वरूनही बंद. खाटांवरच्या साड्या सकाळी हाताला गार लागायच्या. शेवया चिवट व्हायच्या, वाळायच्या नाहीत. पापडांच्या कडेला आधी पांढरे, मग हिरवट ठिपके. टेबलपंखे आणून लावले, ते ओलीच हवा इकडची तिकडं ढकलत होते. ग्रॅनाइटच्या पाट्यांखालून भिंतीवर काळे ओघळ उतरायला लागले, जणू ते सगळे कैलासवासी रडत होते. मावशी म्हणाली, "माणूस असता तर डाक्टरकडं न्हेला असता. हितं नाकात बोळं घालून वर इचारत्यात, श्वास का घेत न्हाय?"

मी रोज टाकून द्यायच्या मालाची टोपली भरत होते आणि माझं डोकं फिरत होतं.

मग मंडळाचं पत्र आलं. वाळवणाच्या कामामुळं वास्तूत ओल व बुरशी निर्माण होत असून हेरिटेज वास्तूची हानी होत आहे, तरी बचत गटानं तुळशीच्या लग्नापर्यंत जागा रिकामी करावी. मी ते उभ्यानं वाचलं आणि बसून पुन्हा वाचलं. आमच्यामुळं! इतकी वर्षं त्याच जागेत तेच ओलं पीठ, त्याच ओल्या मिरच्या, तेव्हा भिंत कोरडी. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई लागते, तेव्हा पूर्ण हॉल मोकळा हवा होता, हे कुणीही सांगेल. पण त्यासाठी ओल आमच्या पदरात बांधली.

बैठकीला मी गेले. अध्यक्ष निपाणीचे, तंबाखूच्या जुन्या घराण्यातले, बोलायला सभ्य गृहस्थ. त्यांनी सोबत इंजिनिअर आणला होता. तो म्हणाला, 'मॉइश्चर लोड' जास्त आहे.

मी म्हटलं, "लोड तोच आहे. बाहेर जायचा रस्ता बंद केलाय."

"बाई, तुम्ही टेक्निकल बाबीत..."

"मी टेक्निकल बोलत नाही. तुम्ही घरी भात लावता, झाकण उघडत नाही, आणि तांदळाला ओलसर आहेस म्हणून दोष देता."

एक-दोघे हसले. अण्णा हसला नाही, तो टिपणं काढत होता.

मी उपाय घेऊन गेले होते. भांडायला नुसतं जात नाही मी. म्हटलं, सगळ्या पाट्या काढा आणि बाहेर कंपाउंडच्या भिंतीवर रस्त्याकडून लावा. आत कुणी वाकून वाचत नाही, बाहेर येणाराजाणारा वाचेल. गवंड्याचा खर्च आम्ही करतो. फॉल सीलिंगच्या मधल्या पट्ट्या काढा. जाळ्या नव्या आम्ही बसवतो.

मग एकजण म्हणाला, स्मृतिपाटी उखडणं म्हणजे विटंबना. दुसरा म्हणाला, बाहेर लावायच्या तर फाटकाजवळ कुणाची? तिसरा म्हणाला, कन्नडमधल्या आधी की मराठीतल्या? चौथा म्हणाला, देणगीच्या क्रमानं. मग ती बैठक संध्याकाळपर्यंत याच एका विषयावर चालली, कोणाचा मेलेला बाप फाटकापासून किती लांब. बुरशी हा शब्द कुणाच्या तोंडून पुन्हा आला नाही. शेवटी ठरलं की पुढच्या बैठकीत ठरवू. पत्र मात्र कायम.

मी उठताना अण्णाला विचारलं, "तू काही बोलणार आहेस का? तुला माहीत आहे. चिंचेनं घासलीत आपण."

तो म्हणाला, "लहानपणीच्या गोष्टी बैठकीत आणायच्या नसतात."

त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

आई अण्णाकडे राहते. मी तडक तिच्याकडे गेले आणि जे झालं ते सांगितलं. तिला उद्घाटनाला नेलं नव्हतं, गुडघे दुखतात म्हणून. पाटी लागली एवढंच तिला माहीत होतं, कुठं लागली ते नव्हतं. अण्णा घरी आला तेव्हा ती दारातच खुर्ची टाकून बसली होती.

"तुझ्या आप्पांनी जन्मभर ती भोकं साफ केली," ती म्हणाली, "आन् तू त्यास्नीच बोळा करून बसवलास व्हय रं?"

"आई, तुला नाही कळायचं. मोठमोठ्यांच्या नावांशेजारी नाव आहे."

"शेजारी न्हाय रं. भोकात हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "काढ जा. माझ्या नवऱ्याची पाटी हाय, मी सांगतो काढ."

आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका चिडल्या की अशाच पुरुषासारखं बोलतात. अण्णा काहीतरी म्हणत राहिला, मी ऐकायला थांबले नाही.

गवंडी यायला तयार झाला नाही. कैलासवासी माणसाचं नाव आहे, छिन्नी लावणार नाही म्हणाला, आणि त्याला मी दोष देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मावशी दोघी बसलो. मी छिन्नी धरली, तिनं हातोडा. मग तिचा एक घाव माझ्या बोटावर बसला, म्हणून हातोडा मी घेतला.

"आक्का, हळू," मावशी म्हणाली. "तुमच्या आप्पास्नी लागंल."

"आप्पांना लागायचं ते पाटी बसवली तेव्हा लागलं."

ग्रॅनाइट अख्खा निघाला, एका कोपऱ्याचा टवका उडाला तेवढाच. पाटीच्या मागं भिंतीच्या पोटात वळणापर्यंत त्यांनी विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या गोण्या कोंबल्या होत्या. मावशीनं हात घालून एकेक ओढून काढलं आणि प्रत्येक गोणीला एक शिवी दिली, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. बाहेरचा गुलाबी गिलावा मी फोडला. मग दोघी आत येऊन बसलो. बाहेर पाऊस होता. वारा आला. थोडा होता, एका नाकपुडीचा, पण आला. मावशीनं लगेच एक खाट ओढून त्याच्यासमोर लावली. बाकीच्या बायका आल्यावर त्या एका भोकासमोर कोणाचे पापड यावरून भांडण लागलं. मी पाळ्या लावून दिल्या.

दुपारी अध्यक्षांचा फोन आला. "बाई, हे गुन्ह्यात बसतं."

म्हटलं, "माझ्या बापाची पाटी आहे. बसवा गुन्ह्यात."

आठवडाभर तंग वातावरण. मंडळानं हॉलला आणखी एक कुलूप लावायचा विचार केला असं समजलं. मग एके दिवशी एक गाडी येऊन थांबली आणि अध्यक्षांच्या पत्नी उतरल्या. त्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक, मी त्यांना वहिनी म्हणते. हातात आमच्या पापडांचं पाकीट. माझ्यासमोर त्यांनी ते खाटेवर ठेवलं, आपटलं नाही, पण ठेवण्यात आपटणं होतं.

"हे आमच्या घरी कसं पाठवलंत?"

पाकिटात बुरशीचे ठिपके होते. बारीक, नीट बघितल्याशिवाय न दिसणारे. आम्ही निवडून पाठवलं होतं, तरी राहिलेच, आणि घरी जाऊन वाढलेही असतील.

"वहिनी, चुकलं. पण..."

"पण काय? बुरशी म्हणजे तुम्हाला डाग वाटतो. आमच्यात तो जीव आहे. अनंत जीव. खाता येत नाही आणि टाकायचं म्हटलं तरी हिंसा. मी दोन दिवस हे पाकीट धरून बसले आहे, कुठं ठेवू म्हणून. चातुर्मासात! तुमच्यावर विश्वास होता म्हणून डोळे झाकून घेत होते."

मी वाद घातला नाही. त्यांचा हात धरला आणि पश्चिमेच्याच भिंतीलगत पुढं नेलं. काळ्या ग्रॅनाइटवर त्यांच्या सासऱ्यांचं नाव होतं, कन्नडमध्ये आणि मराठीत. पाटीच्या खाली, जमिनीपर्यंत, हातभर रुंदीची काळीहिरवी बुरशी, लव उभी राहिलेली.

त्या वाकून बघत राहिल्या. मग पदर नाकाला लावून मागं सरकल्या.

"हे आधी नव्हतं?"

"इथं भोक होतं. वारा यायचा. तुमच्या सासऱ्यांच्या तंबाखूलासुद्धा हाच वारा लागायचा."

"यांना माहीत आहे?"

"बैठकीत सांगितलं. ते म्हणाले ओल आमच्यामुळं आहे."

पाकीट वहिनींनी परत उचललं आणि सोबत घेऊन गेल्या. घरी काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. ऐकीव एवढंच की त्या म्हणाल्या, तुमच्या वडिलांच्या नावाखाली जीव पोसताय आणि रोज मारताय, हे पुण्य कुणाच्या खात्यावर? आणि पाकीट त्यांनी अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलं.

दोन दिवसांनी अध्यक्ष स्वतः आले, गवंडी घेऊन. गवंड्याला कन्नडमध्ये सांगितलं, ही काढ, हळू काढ. पाटी काढून झाल्यावर तिच्यामागचा राडारोडा त्यांनी उभं राहून बघितला. जाताना एवढंच म्हणाले, "ज्याची त्यानं आपापली ठरवावी. मंडळ सांगणार नाही." सांगणार नाही! लावताना मंडळानं एका ठरावात सगळ्या लावल्या. काढताना ज्याचं त्यानं. माझ्या मते भित्रेपणालासुद्धा काही मर्यादा असावी.

तरी त्यांचं बघून आणखी काहींनी काढल्या. पश्चिमेच्या भिंतीच्या बऱ्याच नाकपुड्या मोकळ्या झाल्या, पूर्वेच्या अजून बंद आहेत. एका घरातले दोन भाऊ एकमेकांकडे बोट दाखवतात, एकजण परदेशात आहे आणि फोनवर भावुक होतो. फॉल सीलिंगच्या मधल्या पट्ट्या आम्हीच काढल्या आणि रात्रीच्या पावसानं पडल्या असं सांगितलं. पितळी जाळी आता त्या बारकाईची मिळत नाही, स्टीलची लावली आहे. जागा रिकामी करायचं पत्र मागं घेतलेलं नाही, 'स्थगित' केलं आहे, म्हणजे टांगतं ठेवलं आहे. हॉलच्या पूर्वेच्या अर्ध्या भागात यंदा लग्नं होणार, आणि ओल तिथं राहणार, आणि पाहुण्यांना वास येणार, आणि तेव्हा दोष कुणाला देतील ते मी आत्ताच लिहून देऊ शकते.

जिनं इमारत आखली, की ज्यानं, त्या माणसाचं नाव कुठंही लागलेलं नाही. एकाही विटेवर नाही. परक्या देशातून आलेल्या कुणीतरी दोरखंड कोरडे राहावेत म्हणून एवढा विचार केला. आपल्या माणसांना आयतं मिळालेलं भोक आपल्या बायकांच्या पोटापाण्यासाठी तसंच सोडणं जमलं नाही.

मागच्या आठवड्यात अण्णा आला. बरेच दिवस बोलत नव्हता. श्रावणाच्या अखेरीची झड लागली होती, आम्ही शेवयांच्या कामात. तो दारात छत्री मिटून उभा राहिला, मग आत आला, सरळ आप्पांच्या नाकपुडीपाशी गेला. तिथं मावशीची पापडांची खाट होती, तिची पाळी होती. त्याच्या धोतराची कड वाऱ्यानं हलायला लागली. तो खाली बघत होता.

"चांगला येतोय गं वारा," तो म्हणाला.

तो आणखी काही बोलेल म्हणून मी क्षणभर थांबले. माफी नको होती. बैठकीत बोलेन, पूर्वेच्याही काढायला लावतो, एवढं म्हणाला असता तरी मी चहा टाकला असता. तो नुसता उभा राहिला. मावशी हातातली शेवयांची काठी धरून माझ्याकडं बघत होती, त्याच्या वयाकडं आणि मानाकडं बघून तिला बोलवेना.

"अण्णा, बाजूला हो," मी म्हटलं. "वाऱ्याच्या आड उभा आहेस. मावशीचे पापड वाळायचेत."